खुर्चीवरचा हात

"लाँचरनं फरक पडतो की नाही? हो की नाही, एवढंच सांगा, वस्ताद."

वस्तादांनी चहाची बशी खाली ठेवली.

"कशात फरक?"

"गेममध्ये. मशीनच्या वेगात. काल माझा गेम अडखळला, कारण मागे लाँचर चालू होता. तो बंद ठेवायचं काम हिचं. हिनं ठेवला नाही. म्हणून मी हरलो."

"तू हरलास?"

"आम्ही," विश्वतेज म्हणाला. ते त्याला जरा उशिरा सुचलं.

ही म्हणजे अल्फिया मुजावर, त्याची खेळातली जोडीदार. ती दोन हातांच्या अंतरावर उभी होती, तरी तो तिच्याकडे न बघता बोलत होता.

मिरजेतली ही खोली पूर्वी कुस्तीची तालीम होती. आदगोंडा मगदूम यांचे वडील इथले वस्ताद. पोरं कुस्तीला यायची थांबली तेव्हा आदगोंडांनी लाल मातीचा हौद बुजवला, वर फरशी घातली आणि फरशीवर कॉम्प्युटर मांडले. सायबर कॅफेच्या काळापासून ते स्वतः हे खेळ खेळत आले होते, आणि खेळायचे तेव्हा भल्याभल्यांना जड जायचे.

गावानं नावं ठेवली. बापाच्या मातीवर पोरखेळ मांडला म्हणाले.

आदगोंडा रागीट माणूस. पण त्यांनी कुणाला उत्तर दिलं नाही, फक्त तालमीचे नियम तसेच ठेवले. चपला बाहेर. आत आलं की फरशीला हात लावून तो कपाळाला. वस्ताद बोलत असताना कुणी बोलायचं नाही. हळूहळू पोरं त्यांनाही वस्तादच म्हणू लागली.

खेळ जोडीचा. स्क्रीनवर एक पडकं शहर असतं, त्यात दोघं विरुद्ध दोघं उतरतात. तीन डावांचा सामना. राज्याच्या ऑनलाइन स्पर्धेत ही जोडी काल हरली होती. हरलेल्यांना आणखी एक संधी मिळते, ती आज दुपारी चारला होती. आज हरलं की कारभार आटोपला.

राखीव खेळाडू म्हणून विश्वतेजच्या मावसभावाचं नाव दिलेलं होतं. विश्वतेज घोरपडेला आज अल्फियाच्या जागी तो हवा होता. त्यासाठी हे सगळं चाललं होतं. लाँचर आपला तोंडी लावायला.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आता जुनी झाली. आताच्या अंगणाला मेमरी असते, प्रोसेसर असतो, आणि ते वाकडं कसं आहे हे सांगणारे शंभर व्हिडिओ असतात. विश्वतेजनं रात्रभर तेच बघितले होते.

वस्ताद अल्फियाकडे वळले.

"काय गं? पडतो फरक?"

"पडतो, वस्ताद."

"बघा," विश्वतेज म्हणाला. "तिच्याच तोंडून ऐका."

"कुठल्या मशीनवर ते विचारलं नाही त्यानं," अल्फिया म्हणाली.

"दाव," वस्ताद म्हणाले.

खिडकीपाशी एक जुनं मशीन होतं. नवीन पोरं त्यावर शिकायची. अल्फियानं ते सुरू केलं.

आजकाल गेमवर टिचकी मारली आणि गेम उघडला असं होत नाही. आधी लाँचर उघडतो. तुम्ही कोण, तुमचा पासवर्ड काय, हे विचारतो आणि मग गेमला वाट देतो. जुन्या मशीनवर लाँचर उघडायलाच इतका वेळ लागला की वस्तादांचा चहा संपला. नंतर गेम आला, पण धापा टाकत. माणूस पळायला निघाला की दोन पावलांवर थबकायचा.

अल्फियानं मागे जाऊन लाँचर बंद केला. माणूस नीट पळायला लागला.

"फरक पडला," वस्ताद म्हणाले.

"मग मी काय वेगळं म्हणतोय?" विश्वतेजचा आवाज चढला. "हेच काल माझ्या मशीनवर झालं."

"तुझं मशीन असलं हाय?"

"नाही. माझं चांगलं आहे."

"चांगलं म्हंजे?"

"या खोलीत त्याच्या तोडीचं दुसरं नाही."

"बस मग त्याच्यावर. पर आधी भाईर जा."

विश्वतेजला कळलं नाही.

वस्तादांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि त्याच्या स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यावर टाकला. गेम किती वेगानं चालतोय याचा आकडा तिथं दिसतो, तो झाकला गेला.

"तू भाईर थांब. ही लाँचर चालू ठेवंल न्हाईतर बंद करंल. तू आत ये, खेळ, आणि मला सांग चालू हाय का बंद. रातभर शिकलास न्हवं? मग कळंलच तुला."

"याला काय अर्थ आहे?"

"भाईर जा."

विश्वतेज बाहेर गेला. दार त्यानं जरा जोरातच लावलं. आत अल्फियानं मशीनवर काहीतरी केलं आणि ती बाजूला झाली.

तो आत आला, बसला, खेळला. कपाळाला आठ्या घालून खेळला.

"चालू आहे. जड लागतंय. माऊस ओढल्यासारखा होतोय."

"अल्फिया?"

"बंद होता."

विश्वतेज पुन्हा बाहेर गेला. पुन्हा आला. पुन्हा खेळला, या वेळी जास्त वेळ.

"आता बंद केलाय. आता कसं मोकळं वाटतंय."

अल्फियानं नुसती मान हलवली. लाँचर चालू होता.

तिसऱ्यांदा तो बाहेर गेलाच नाही. त्यानं पंचा ओढून फरशीवर टाकला. आकडा होता तिथंच होता, जेमतेम दोन-चारनं खालीवर होत होता. त्याचे कान तापले होते. लाज वाटली की काही माणसं गप्प होतात. विश्वतेजला लाज वाटली की राग यायचा, आणि तो राग जवळ उभं असेल त्याच्यावर निघायचा.

"हिनं आज सगळं नीट करून ठेवलंय. काल अपडेट चालू असणार. मागे डाऊनलोड होत असणार. आज कसं सापडंल ते?"

"डाऊनलोड चालू असेल तर चांगलं मशीनपण अडखळतं," अल्फिया म्हणाली. "ते खरं आहे. पण काल नव्हतं. मी सामन्याआधी बघितलं, सामन्यानंतरपण बघितलं."

"तू म्हणणारच की."

"मग तू बघ. मशीनमध्ये सगळं राहतं, कधी काय उतरलं ते. बघितलंस?"

त्यानं बघितलं नव्हतं. बघायचंही नव्हतं.

वस्तादांनी पंचा उचलला, झटकला आणि खांद्यावर टाकला. या खेळातलं त्यांना सगळं कळायचं, पण त्यांनी काहीच माहीत नसल्यासारखं विचारलं.

"ह्यो लाँचर करतो तरी काय गं?"

"गेम उघडून देतो."

"आन् उघडल्यावर?"

"उघडल्यावर त्याला काम नसतं. पण तो जात नाही. मागे बसून राहतो."

"कशाला?"

"लक्ष ठेवतो. कोण आलं, कोण गेलं, किती वेळ खेळला. मधेच कोपऱ्यात चिठ्ठी दाखवतो. चांगलं खेळलं की शाबासकी देतो."

"आन् वाईट खेळलं की?"

अल्फियानं एकदा त्यांच्याकडे बघितलं.

"वाईट खेळलं की काही करत नाही, वस्ताद. लाँचर काही करत नाही."



वस्ताद मूर्ख नव्हते. वाक्यात काहीतरी राहिलंय हे त्यांना कळलं, आणि ते आपल्याकडे येतंय हेही कळलं. त्यांच्या कपाळावरची शीर उठली.

"काल काय झालं?"

अल्फिया जुनं मशीन बंद करायला वळली.

"अल्फिया. काल काय झालं?"

"जाऊ दे वस्ताद. लाँचर चालू राहिला असेल माझ्याकडून."

"आत्ता म्हनलीस बघितलंय म्हणून. एका तोंडानं दोन गोष्टी बोलतीस?"

"तुम्हीच सांगितलंय, वस्ताद बोलत असताना बोलायचं नाही."

"मी आता गप बसतो. बोल."

वस्ताद खरंच गप्प बसले. त्यांना गप्प बसायची सवय नव्हती, त्यामुळे ते फार वेळ गप्प बसल्यासारखे वाटले.

अल्फिया बोलली. आधी हळू, मग नाही.

"शेवटच्या डावात हा पुलाखालून निघाला. मी वरून त्याला सांभाळत होते. रस्ता बरोबर होता. पण तुम्हाला तो पटला नाही, आणि तुम्ही हात काढला. यानं मागं बघितलं. तेवढ्यात समोरच्यानं उडवला याला. मशीन अडखळलं नाही वस्ताद. हा अडखळला."

हात काढला म्हणजे काय, हे त्या खोलीत कुणाला सांगावं लागत नाही. खेळणाऱ्याच्या कानांवर हेडफोन असतात. वस्तादांचा बाप हौदाच्या काठावरून ओरडायचा, तसं इथं ओरडून उपयोग नाही. म्हणून सामना सुरू झाला की वस्ताद विश्वतेजच्या मागे उभे राहत आणि त्याच्या खुर्चीच्या पाठीवर तळहात टेकवत. बोलत काहीच नसत. खेळ मनासारखा चालला की हात तिथंच असे. मनासारखा नाही चालला की हात निघे. खुर्चीला जेवढं कळायचं तेवढं विश्वतेजच्या पाठीला कळायचं. तीन वर्षं तो त्या हातावर खेळत आला होता, आणि पोरं म्हणायची, नशीबवान आहे लेकाचा.

"खोटं आहे," विश्वतेज म्हणाला.

"तुझं रेकॉर्डिंग आहे. पुलाखाली तुझा माणूस उभाच राहिला. हातात माऊस होता, पण हालला नाही."

"अडखळलं म्हणून."

"मान वळली म्हणून."

"खोटं बोलतीय वस्ताद ही. स्वतःची चूक तुमच्यावर घालतीय. तुमच्यावर."

त्यानं तुमच्यावर हा शब्द दोनदा म्हटला. वस्तादांना राग यावा आणि तो अल्फियावर यावा, अशी त्याची खटपट होती. राग आला. वस्तादांना तो आल्याचं सगळ्यांना दिसलं. त्यांच्या मुठी वळल्या, आणि या माणसानं तरुणपणी एकदा बुक्की मारून दरवाजाची फळी फोडली होती, हे मिरजेत सर्वांना माहीत आहे.

पण ते अल्फियावर ओरडले नाहीत. त्यांनी उजवी मूठ उघडली आणि तळहाताकडे बघितलं.



"तुझ्या खुर्चीमागं मी कवा हुबा राहिलो?"

"कधीच नाही."

"तीन वर्सांत?"

"नाही, वस्ताद."

"तुला फरक पडला?"

असा प्रश्न विचारला की शिष्यानं नाही म्हणावं. गुरूला बरं वाटतं, शिष्याला मोठं वाटतं आणि ऐकणारे माना डोलावतात. तालमीत पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय.

"पडला," अल्फिया म्हणाली.

वस्ताद तिच्याकडे वळले.

"राग येतो मला. रोज येतो. मशीन मी लावते. केबल मी बघते. खेळतेपण मी. काल शेवटपर्यंत एकटी मीच उभी होते. आणि सामना संपल्यावर तुम्ही याला विचारलंत, काय झालं रे. मला कुणी काही विचारलंच नाही. मी घरी गेले आणि जेवले नाही."

ती रडली नाही. रडणं तिला आलं असतं तर विश्वतेजचं काम सोपं झालं असतं.



विश्वतेज उठला. खुर्ची मागे गेली आणि भिंतीवर आपटली.

"बास. मला हे ऐकायचं नाही. चार वाजता सामना आहे आणि इथं रडगाणं चाललंय. हिच्याबरोबर मी खेळणार नाही. मनात एवढं ठेवून शेजारी बसणार, मी गोळी खाताना बघत राहणार. भावाला बोलावतो, दहा मिनिटांत येतो तो. वस्ताद, तुम्हीच ठरवा. तीन माणसांत असलं चालत नाही. एकानं या खोलीतून बाहेर गेलं पाहिजे."

तो थांबला. आपण बरोबर बोललो असं त्याला वाटत होतं, आणि ते बरोबरच होतं.

"खरं हाय," वस्ताद म्हणाले.

अल्फियानं मान खाली घातली. कोपऱ्यात तिची पिशवी होती. ती उचलायला ती वाकली.

"एकानं गेलंच पायजे," वस्ताद म्हणाले. "न्हाईतर खेळ व्हायचा न्हाई."

आणि ते दाराकडे गेले.

दोघांना वाटलं, ते दार उघडून अल्फियाला वाट देतायत. वस्तादांनी दार उघडलं, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं, चपला पायात सरकवल्या.

"वस्ताद?"

"चारला बसा. दोघंबी."

"आणि तुम्ही?"

दार लागलं.

विश्वतेज दाराकडे बघत उभा राहिला. मग अल्फियाकडे वळला. तिच्या हातात अजून पिशवी होती.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

"नाही," ती म्हणाली आणि पिशवी खाली ठेवली.

वस्ताद तालमीच्या पायरीवर बसले होते. शेजारच्या दुकानात सतारी बनतात. तिथले कारागीर युनूसभाई तार ताणत होते. सामन्याच्या वेळी वस्ताद बाहेर बसलेले त्यांनी कधी बघितले नव्हते.

"वस्ताद, आज भाईर?"

"हां."

"आत कोण हाय मग?"

"खेळणारे हायत की."

युनूसभाईंना वस्तादांचा चेहरा दिसला. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, तारेकडे लक्ष दिलं.

आत चार वाजले. दोघांनी फरशीला हात लावला, कपाळाला लावला. हेडफोन चढवले. एकमेकांशी खेळापुरतं बोलायचं ठरवल्यासारखे ते बसले.

पहिला डाव वाईट गेला. विश्वतेजनं दोनदा मागं बघितलं. मागं नुसती भिंत होती. दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा त्याचा माणूस मेला, आणि त्यानं भिंतीला शिवी घातली.

"मागं कुणी नाही," अल्फिया म्हणाली. "पुढं बघ."

"मला शिकवू नको."

"मग मरू नको."

दुसऱ्या डावात तो लवकर गेला. मेलेल्या खेळाडूला बघण्यापलीकडे काम नसतं. विश्वतेज खुर्चीत मागे रेलला आणि नाइलाजानं शेजारची स्क्रीन बघू लागला. तीन वर्षं ती मुलगी त्याच्या डाव्या हाताला बसत होती. तिला खेळताना त्यानं कधी बघितलं नव्हतं. आपण खेळत असताना दुसऱ्याला कोण बघतं?

ती एकटी होती आणि समोर दोघं. ती घाई करत नव्हती. एका भिंतीआड ती इतका वेळ थांबली की विश्वतेजला ओरडावंसं वाटलं, निघ ना. ती नाही निघाली. पहिला कंटाळून पुढे आला, तेव्हा तिनं त्याला टिपला. दुसरा त्याला शोधायला आला. तो पुलाखालून आला.

त्याच पुलाखालून.

डाव तिनं जिंकला. एक-एक झालं.

तिनं माऊस सोडला. विश्वतेजला तेव्हा तिचे हात दिसले. ते थरथरत होते. तिनं ते ओढणीत गुंडाळले, दाबून धरले, तरी थरथरत होते. खेळताना एकदाही हालले नव्हते.

शेवटच्या डावाआधी थोडी विश्रांती असते. विश्वतेज उठला आणि बाहेर आला. चपला घालायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

"वस्ताद."

वस्तादांनी वर बघितलं नाही.

"एक-एक झालंय. आता शेवटचा डाव आहे."

"मग हितं काय करतोस?"

"तुम्ही आत या."

वस्तादांनी खांद्यावरचा पंचा मांडीवर घेतला.

"रागावलाय तुम्ही. कळतंय मला. मी बोललो ते…" पुढचं त्याला जमलं नाही. माफी मागायची त्याला सवय नव्हती आणि आयुष्यात ती लागेल असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"रागावलोय," वस्ताद म्हणाले. "लई रागावलोय."

"माझ्यावर?"

वस्तादांनी पायरीवरची काडी उचलली आणि मोडली.

"तुझ्यावर रागवायचं असतं तर आत हुबा राहून रागावलो असतो."

विश्वतेजनं एकदा दाराकडे बघितलं. आत जायला हवं होतं. शेजारी युनूसभाई तार लावत होते, ती वर चढत होती आणि थांबत होती.

"माझ्यामागं नका उभं राहू," तो शेवटी म्हणाला. त्याचा आवाज रागीटच होता, पण तो राग कुणावर होता हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. "मला नको तुमचा हात. तिला द्या. ती एकटी लढली आत्ता, दोघांशी. तिचे हात कापतायत, वस्ताद. तिच्या खुर्चीवर हात ठेवा. तीन वर्षं नाही ठेवलात, आज तरी ठेवा. कुणीतरी ठेवायला पाहिजे का नाही?"

वस्तादांनी पहिल्यांदा मान वर केली आणि त्याच्याकडे बघितलं.

"का? तुझा हात मोडलाय व्हय?"